बाईंच्या जागी बाई

कुपवाडच्या बाजारात मी भाजी घेत असलो आणि मागून एखादं पोर ‘बाई! ओ बाई!’ म्हणून ओरडलं, की आसपासच्या सगळ्या बायका मागे वळून बघतात. आणि ‘काय रं?’ म्हणून जबाब मी देतो. मग त्या बायका माझ्याकडे बघतात. मला मिशी आहे, आणि ती साधी नाही, दोन्ही बाजूंनी वर वळवलेली. डोक्याला टोपी, पायात करकरणारं पायताण. भाजीवाली एकदा म्हणाली, "आबा, त्या पोराचं डोळं तपासून घ्या." मी म्हटलं, "डोळं चांगलं हायत त्याचं. मी बाईच हाय."

ते कसं, ते सांगतो.

माझं शिक्षण तिसरी. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, त्यात चूक मास्तरांची होती. पाटणकडचं गाव सोडून मी चुलत्याबरोबर कुपवाडला आलो आणि फौंड्रीत लागलो. हे सगळं मी स्वतः लिहितोय, नात टाईप करून देते. तिला बजावलंय, शुद्धलेखन तुझं, शब्द माझे. एक जरी शब्द गुळगुळीत केलास तर तुझ्या लग्नात जेवायचा नाही.

फौंड्रीत मी साचे करायचो. काळ्या वाळूत साचा दाबायचा, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. उभा जन्म त्यात गेला असता, पण कंबर गेली. मग शेजारच्या बेदाण्याच्या शेडचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी मला बोलावून गेटवर बसवलं. शेडमध्ये बायका रांगेनं बसून बेदाणा निवडतात. काडी काढायची, काळा मणी बाजूला टाकायचा. ज्या बायकांची पोरं अजून शाळेच्या वयाची नाहीत त्या पोरांना बरोबर घेऊन यायच्या. आता पोर आणि बेदाणा एका जागी ठेवला तर बेदाणा उरत नाही. म्हणून पोरं राहायची गेटवर, माझ्याजवळ.

पुढं अण्णांनी गेटजवळची एक खोली रिकामी करून दिली आणि एक शिकलेली बाई नेमली. बाई गुणी होती. तिचं लग्न ठरलं आणि ती बार्शीला गेली. दुसरी मिळेपर्यंत महादबा, तुम्हीच बसा, म्हणाले अण्णा. मी जाऊन बसलो. पोरांनी तोवर एकच गोष्ट शिकून ठेवली होती, की या खोलीत जे मोठं माणूस बसतं त्याला बाई म्हणायचं. मी लय सांगून बघितलं. आबा म्हणा, काका म्हणा, वॉचमन म्हणा. सगळ्यांनी नीट ऐकून घेतलं. शेवटी एक शेंबडं पोर म्हणालं, "बरं, बाई." विषय संपला.

दुसरी बाई काही मिळाली नाही. म्हणजे अण्णा शोधायचे विसरले आणि मी आठवण केली नाही.

आणि आमच्या भागात यात फार विचित्र काही नाही. सांगली-मिरजेकडच्या बाया ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याचा माणूस ऐकून गोंधळतो. बाया गड्यासारखं बोलतात ते चालतं, तर एक गडी बाई झाला म्हणून काय बिघडलं?

आता धंद्याचं सांगतो. लोकांना वाटतं बालवाडी म्हणजे पोरं खेळवायची आणि नाकं पुसायची. नाकं पुसायची हे खरं आहे. पण नाक पुढून पुसायचं असतं, पोराला फडकं दिसेल असं, त्याला सांगून. मागून येऊन एकदम फडकं लावलं की ते पोर दिवसभर तुम्हाला जवळ येऊ देत नाही. तुम्ही बाजारात उभे आहात आणि कुणी मागून येऊन तुमचं नाक पुसलं, तर तुम्ही काय कराल? पोलिसात जाल. पोराला पोलीस स्टेशन माहीत नसतं, एवढाच फरक.

आवाजाचं मला उशिरा कळलं. फौंड्रीत भट्टीच्या आवाजात बोलायचं म्हणजे छातीतून बोलावं लागतं, तीच सवय घेऊन मी खोलीत बसलो होतो. मी ‘खाली बसा’ म्हटलं की पोरं बसायची आणि शेडमधल्या बायका उभ्या राहायच्या. मी गाणं म्हटलं की दोन तरी पोरं रडायची. मग एका थंडीत माझा घसा पार बसला. आवाजच फुटेना. मी आपला कुजबुजत गोष्ट सांगायला लागलो, तर पोरं सरकत सरकत माझ्या मांडीपर्यंत आली आणि तीपण कुजबुजायला लागली. त्या दिवशी खोली इतकी गप्प होती, की पोरं पळून गेली की काय म्हणून अण्णा बघायला आले. घसा बरा झाल्यावरही मी तो आवाज परत काढला नाही. खोलीत तरी नाही.

दुसरं म्हणजे खाली बसता आलं पाहिजे. उभ्या माणसाचे पोराला फक्त गुडघे दिसतात. गुडघ्याला कोण आपलं सुखदुःख सांगणार?

आणि हात आवरता आले पाहिजेत. हे सगळ्यात अवघड. शौर्य नावाचं एक पोर आमच्याकडे होतं, अजून आहे. नाव शौर्य, आणि भ्यायचं गोगलगायीला. हल्ली निम्म्या पोरांची नावं अशी लढाईला निघाल्यासारखी असतात. त्या शौर्यला सँडलचा पट्टा स्वतः लावायचा असायचा. जीभ बाहेर काढून, नाकातून फुसफुस करत, पट्टा त्या कडीत घालायचा, तो सुटायचा, परत घालायचा. बाकीची पोरं अंगणात जाऊन खेळून परत यायची तरी याचा एक पाय बाकी. आपल्याला वाटतं, एका झटक्यात लावून मोकळं व्हावं. मी हात पाठीमागं बांधून उभा राहायचो. हात पुढं असले की ते आपोआप जातात. फौंड्रीत रस ओतल्यावर घाईनं साचा फोडणारा कारागीर मी बघितलाय. हात पण भाजतो आणि मालही वाया जातो.

आणखी एक माझा नियम होता आणि त्यावरून मी निम्म्या आयांशी भांडलोय. आईनं पोराची नजर चुकवून पळायचं नाही. सुनंदा म्हणून आहे एक, आमच्या पाटणकडचीच, तिची पोरगी स्वरा. पहिल्या दिवशी सुनंदा पोरीच्या हातात खेळणं देऊन पायताण हातात घेऊन मागच्या मागं सटकत होती. मी दार अडवलं.

"आत चल. तिला तोंडावर सांग, मग जा."

"आवं आबा, रडंल की ती!"

"रडू दे. रडणं मी बघतो. पर आज तू अशी पळालीस, की उद्या न्हाणीत गेलीस तरी ती पदर सोडायची न्हाई. ते कोन बघनार?"

सुनंदा आत गेली, स्वरासमोर बसली, म्हणाली, "मी जातो बाळा. सुट्टी झाली की येतो." स्वरा अशी रडली की बाहेर ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला. दुसऱ्या दिवशी थोडी कमी. पुढं पुढं तीच आईला सांगायला लागली, "जा की आता, काडी काढ." पोराला खोटं सांगायचं नाही. एवढा एक नियम पाळला तर बाकीचे शंभर मोडले तरी चालतात.

डावही माझे होते. त्यातला वाघाचा डाव सगळ्यांचा लाडका. मी घोंगडं पांघरून वाघ व्हायचो. पोरांनी लपायचं. मी फिरत फिरत डरकाळ्या फोडायच्या, "कुटं हाय शौर्य? कुटं हाय स्वरा? खातो एकेकाला!" जो आवाज करील तो वाघाच्या पोटात. वाघानं कितीही हाका मारल्या तरी गप बसायचं. मग शेवटी मी घोंगडं काढून म्हणायचो, "वाघ गेला!" की सगळी बाहेर. हे पुस्तकात आहे की नाही मला ठाऊक नाही. नसलं तर घालावं.

असं चाललं होतं. मग गेल्या वर्षी माझे गुडघे संपले. खाली बसलो की उठवायला दोन पोरं लागायला लागली, एक या हाताला, एक त्या हाताला. पोरांना वाटायचं हाही डावच आहे. पण अण्णांनी खिडकीतून बघितलं आणि ऑफिसात बोलावलं.

"महादबा, आता दुसरी बाई बघाया पायजे."

"मी काय मेलो व्हय?"

"मेला न्हाईसा. पर उठतबी न्हाईसा." अण्णा बोलायला कडक, पण खोटं कधी बोलत नाहीत. "असं करू. बाई तुमीच निवडा. तुमाला पटंल ती. मी मधी पडत न्हाई. पर हंगाम तोंडावर आलाय. पेट्या ठेवायला जागा न्हाई. हंगामाआधी बाई मिळाली तर खोली पोरांची. न्हाई मिळाली तर त्यात पेट्या भरतो. पोरं गेटवर बसतील, पैल्यासारखी."

गेटवर आता पैल्यासारखं काही राहिलेलं नाही. पूर्वी दिवसाला एखादा ट्रक यायचा, आता ओळ लागते. म्हणजे खोली गेली तर पोरं गेली. आणि पोरं गेली तर त्यांच्या आयाही काम सोडून घरी बसणार. मी म्हटलं, "बघतो."

पहिली आली ती पाचगणीच्या एका मोठ्या शाळेत काम केलेली. चांगली होती, उगाच नाव ठेवत नाही. रंगीत चित्रं आणली होती, हातवारे करून गाणी म्हणायची, पोरं खूश. आणि स्वरा उशिरा आली. दारातून ओरडली, "बाई, मी आलो!"

ही नवीन बाई हसून म्हणाली, "‘आलो’ नाही बाळा. तू मुलगी आहेस ना? ‘मी आले’ म्हणायचं."

स्वरानं तिच्याकडे बघितलं. म्हणाली, "आलं च्यात घालत्यात."

बाई बिचारी हसली. पण परत म्हणाली, "नाही, असं म्हण, मी आले." आणि सगळ्या पोरांसमोर तीनदा म्हणून घेतलं. स्वरानं म्हटलं. त्यानंतर ती दिवसभर काही बोलली नाही. दुपारी शू लागली तरी बोलली नाही, ते मला जमिनीवरून कळलं. मी अण्णांना सांगितलं, ही नको.

"आवं, शिकलेली हाय, विंग्रजी येतंय!"

"पोरगी दारात आनंदानं वरडत आली, आनि हिनं आधी चूक काढली. ‘ये’ म्हनाया पायजे हुतं आधी."

अण्णांनी मान हलवली, ती मला आवडली नाही.

दुसरी आली ती लय मायाळू. इतकी मायाळू की कुणी रडायच्या आधीच उचलून घ्यायची. मग ज्याला रडायचं नव्हतं त्यानंही विचार केला, की रडल्याशिवाय इथं काही मिळत नाही. दुपारपर्यंत एक पोर कडेवर, एक पाठीवर, दोघं पदराला, आणि बाई स्वतः रडतेय. मी तिला पाणी दिलं, टमटममध्ये बसवून दिलं. माया पाहिजेच, त्याशिवाय या धंद्यात पाऊल ठेवू नये. पण माया अशी एकदम ओतली तर आपणच बुडतो.

अण्णा म्हणाले, "तुमाला सोताशिवाय कोन पटनार न्हाई. पेट्यांची ऑर्डर दिली मी."

मग आली वनिता. मिरजेकडच्या खेड्यातली, नवरा सैन्यात, बालवाडीचा कोर्स केलेला. स्कूटी लावली, पायताण काढलं, आत आली आणि पोरांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाली, "आबा, एक बादली पानी आनि दोन-चार रिकामे डबे मिळतील का?" मी दिले. ही कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि या डब्यातलं पाणी त्या डब्यात ओतायला लागली. हळूहळू. जसं काही जगात दुसरं काम नाही.

मी दारातून म्हटलं, "आगं पोरी, पोरांशी बोल की."

"बोलतील ती. गडबड काय हाय?"

मला राग आला. कोर्स करून पाणी ओतायला शिकवतात व्हय? पण एकेक पोर येऊन बघायला लागलं. मग एकानं डबा पुढं केला. तिनं ओतलं, तो भरला, सांडला, ती काही म्हणाली नाही, फक्त फडकं त्याच्या बाजूला ठेवलं. त्यानं पुसलं! जे पोर घरी ताट उचलायला सांगितलं तर लोळण घेतं, ते पोर जमीन पुसत होतं. दुपारपर्यंत सगळी खोली ओली आणि सगळी पोरं गप्प, कामात.

एक पोर होतं आमच्याकडे चावणारं. मी त्याला रागावून बघितलं, समजावून बघितलं, एकदा त्यालाच चावून दाखवलं, हलकं. वनितानं दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी खिचडीच्या बऱ्याच आधी त्याच्या हातावर मूठभर चुरमुरे ठेवले. चावणं बंद. "भूक लागली की चावतंय वो ते," म्हणाली, "सकाळी न खाता येतंय." मी म्हटलं, मला ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं. पण सगळंच तिला कशाला सांगायचं?

बाई पसंत होती. तरी मी अण्णांना लगेच सांगितलं नाही, आणखी बघतो म्हटलं. मी गेटवर खुर्ची टाकून बसायचो. अडचण अशी व्हायला लागली, की वनिता गोष्टीच्या ऐन रंगात आली की मला खोकला यायचा. मी मुद्दाम नाही खोकायचो. वय झालं की येतो. पण खोकला आला की आतली पोरं उठून ‘बाई!’ म्हणत माझ्याकडे पळत यायची. वनिता दारात येऊन उभी राहायची.

मग ती टेम्पोची गोष्ट घडली.

खिचडीच्या आधीची वेळ. शौर्य खोलीतून सटकून माझ्याकडे गेटवर आला. "बाई, वाघ?" म्हणाला. मी नेहमीसारखी एक डरकाळी फोडली, "खातो तुला!" तो खिदळत पळाला आणि मी टेम्पोवाल्याची पावती बघायला वळलो. तासगावला रिकामे क्रेट घेऊन चाललेला टेम्पो होता. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

थोड्या वेळानं वनिता दारात आली. जेवायला बसवायच्या आधी ती डोकी मोजते. म्हणाली, "शौर्य कुटं हाय?"

मी म्हटलं, "आतच गेला की."

"आत न्हाई."

मी खोलीत बघितलं, न्हाणीत बघितलं, शेडच्या मागं बघितलं. पाण्याची टाकी बघितली. मग फौंड्रीतला आवाज आपोआप बाहेर आला. "शौर्य! कुटं हायस रं? शौऽर्य!" सगळी वसाहत हादरली असेल. शेडमधल्या बायका डोक्याच्या जाळीसकट बाहेर आल्या. शौर्यची आई आली आणि काय झालं ते कळल्यावर तिथंच मातीत बसली. मी आणखी ओरडलो. टेम्पोचं इंजिन सुरू होतं, ड्रायव्हर गिअर टाकत होता, मी गेटच्या दोन्ही बाजूंना बघत नुसता ओरडत होतो.

वनिता अनवाणी पळत आली आणि माझा दंड धरला.

"आबा, गप्प बसा."

मला असं माझ्या आईनंतर कुणी म्हटलं नव्हतं.

"डाव मांडलाय तुमी. लपलाय तो. तुमी जितकं वरडशीला तितका तो आत सरकंल."

ती टेम्पोच्या खिडकीतून आत वाकली आणि ड्रायव्हरला काही कळायच्या आत तिनं किल्ली फिरवली. इंजिन बंद. सगळं एकदम शांत झालं. मग तिनं अंगणाच्या मध्यावर उभं राहून, जेवायला बोलवावं इतक्याच आवाजात म्हटलं, "वाघ गेला!"

काही नाही.

परत म्हणाली, "वाघ गेला रं."

टेम्पोत क्रेटच्या थप्पीमागं काहीतरी सरकलं. आतून बारीक आवाज आला, "खरंच गेला?"

"खरंच गेला. त्याच्या गावाला गेला."

शौर्य बाहेर आला. डोक्याला कोळिष्टक, एक सँडल पायात, एक हातात. गोगलगायीला भिणारं ते पोर छाती काढून माझ्यासमोर उभं राहिलं. "बाई, मी घावलो न्हाई! तुमी लय वरडला तरी घावलो न्हाई!" त्याला शाबासकी द्यावी की फटका, की आपणच मातीत बसावं, मला काही सुचेना. वनितानं त्याचं कोळिष्टक काढलं, पुढून, त्याला दाखवून. "लय भारी लपलास," म्हणाली. "चल, खिचडी गार हुतीया."

संध्याकाळी पोरं गेल्यावर ती माझ्या खुर्चीशी आली. स्कूटीची किल्ली हातात.

"आबा, मी उद्यापासनं येत न्हाई."

"का? आजचं मनाला लावून घेतलंस व्हय? तुझं काय चुकलं न्हाई."

"मला ठाव हाय माझं चुकलं न्हाई." अशी बाई! "पर एका खोलीत दोन बाई चालत न्हाईत. तुमी दारात असला की पोरं माझ्याजवळ आसत्यात, माझी नसत्यात. घाबरल्यावर कुनाकडं पळायचं, कुनाची हाक खरी, हे पोराला पक्कं ठाव पायजे. अर्धं तुमच्याकडं, अर्धं माझ्याकडं, आसं चालत न्हाई."

"मंग मी काय करू? खोकू बी नको?"

ती हसली नाही. म्हणाली, "पोराला खोटं सांगायचं न्हाई, ह्यो तुमचाच नियम ना? आज मी समद्यांसमोर खोटं सांगितलं. वाघ गेला म्हनून. वाघ तर हितंच बसलाय खुर्चीत. ते तेवढं खरं करा. न्हाईतर मी जातो."

आणि स्कूटी चालू करून गेली.

त्या रात्री मी घरी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, कालची पोरगी मला काढायला निघालीय. बायको म्हणाली, "कोन हाय ती? भेटाया पायजे." बायकोकडून मला दुसरी अपेक्षा नव्हती. मी मनाशी सगळं उलटंपालटं करून बघितलं. ती गेली तर दुसरी शोधायला वेळ नाही. पेट्या यायला लागल्याच होत्या, खोलीच्या भिंतीला लागून थप्प्या उभ्या होत्या. मी हट्ट धरला तर मी राहणार, म्हणजे एक म्हातारा खुर्चीत राहणार. खोली जाणार. हट्ट धरण्यात मी कुणाला हार जात नाही. पण त्या पोरीचा हट्ट पोरांसाठी होता आणि माझा कशासाठी होता ते मला नीटसं सापडेना.

सकाळी अण्णांकडे गेलो.

"पसंत हाय," म्हटलं.

अण्णांनी चष्मा काढला. "खोड काय काढली न्हाई?"

"काढली की. लय हट्टी हाय. मला काढून टाकलं तिनं."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग हसणं आवरून म्हणाले, "पेट्या गोडाऊनच्या व्हरांड्यात रचायला सांगतो. ताडपत्री टाकू." आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. अण्णा कुणाच्या खांद्यावर हात ठेवत नाहीत.

अण्णांनी फोन करून वनिताला बोलावून घेतलं. ती आल्यावर मी खोलीत गेलो. दोन पोरांना धरून खाली बसलो, शेवटचं. सांगितलं, "मी जातो."

स्वरानं विचारलं, "सुट्टी झाली की येनार?"

"न्हाई. उद्यापासनं ह्याच तुमच्या बाई."

सगळी माझ्याकडे बघत राहिली. एक जण रडायच्या बेतात आलं. मी वनिताकडे बघितलं, तिनं हात पाठीमागं बांधले होते. मग शौर्यनं विचारलं, "तुमी कुटं जानार? गावाला?" मी म्हटलं, "व्हय." तो म्हणाला, "गोगलगाय हाय का तिथं?" मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "मंग आमी येत न्हाई." आणि पाण्याच्या डब्यांकडे गेला. त्याच्यामागून बाकीची गेली. मला उठवायला परत दोघांना बोलवावं लागलं.

या धंद्यात कुणी आपल्याला लक्षात ठेवत नाही, हे लिहून ठेवतो. चौथीचे मास्तर माणूस मरेपर्यंत विसरत नाही, मीपण माझ्या मास्तरांना विसरलेलो नाही. पण बालवाडीची बाई कुणाला आठवते? ज्या वयात आम्ही पोराला सांभाळतो त्या वयाचं त्याच्याकडे पुढं काहीच उरत नाही. रडू थांबवायला शिकलं, पट्टा लावायला शिकलं, शेजारच्याला चुरमुरे द्यायला शिकलं, ते सगळं त्याला वाटतं आपल्याला जन्मापासूनच येत होतं. वाटू दे. नाव लागावं म्हणून साचा कुणी करत नाही. पण कधीमधी वाईट वाटतं, ते खोटं कशाला सांगू.

आता मी शेडच्या आत जात नाही, शब्द दिलाय. पण रस्त्याच्या पलीकडं चहाची गाडी आहे, ती काही वनिताची नाही. सकाळी मी तिथं बसतो. मागच्या आठवड्यात बाया कामाला येत होत्या. सुनंदा आली, पुढं स्वरा. स्वराच्या दोन्ही हातांत एक वाटी, त्यात भिजत घातलेली मटकी, काठोकाठ पाणी. वनितानं मोड आणायला सांगितलं असणार. पोरगी वाटीवर डोळे लावून, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं टाकत, रस्ता ओलांडून माझ्या अगदी जवळून गेली. इतक्या जवळून की माझ्या पायताणावर एक थेंब पडला. तिनं मान वर केली नाही. गेटमधून आत गेली.

सुनंदाला लाजल्यासारखं झालं. "बगा की वो आबा, वळखसुदिक दाखवली न्हाई! थांबा, बोलावतो तिला. ए स्व..."

"गप गं," मी म्हटलं. "हाक मारू नको. सांडंल तिचं."